पाय घालायचा वेळ

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

दुकानाचं शटर वर जायला आज पावणेदहा झाले. रात्रभर भुरभुर पाऊस, हवा ओली, आणि ओल्या हवेत माझा खुंट रुसतो. सकाळी सॉकेटमध्ये जाईचना. दोन मोज्यांवर बसणारा पाय एका मोज्यावर आणला, पावडर मारली, भिंतीला धरून दोनदा दाबला, तेव्हा कुठं तळाला टेकला. संध्याकाळी उलटी तऱ्हा. खुंट आकसतो, पाय आत खुळखुळायला लागतो आणि गिऱ्हाइकासमोर पँट वर करून दुसरा मोजा चढवावा लागतो. पंधरा वर्षं झाली याला. २००९च्या सोयाबीनला थ्रेशरच्या तोंडाशी अडकलेली पेंढी मी पायानं रेटली, एवढीच गोष्ट. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरला.

लोक विचारतात, चालायला त्रास होत असेल ना. चालणं पहिल्या दोन वर्षांतच जमून गेलं. त्रास रोज सकाळी होतो, दाराआड, आणि तो कुणाला दिसत नाही.

दुपारी आठवीतला एक पोरगा आला. त्याचाही डावाच, गुडघ्याखाली. मोटारसायकलवर मागं बसला होता, दीड वर्ष झालं. कुबड्यांवर टुणटुणत येतो. त्याला पाय मिळालाय एका शिबिरात. कुणाचं शिबिर ते लिहीत नाही, फोटो मात्र भरपूर निघाले. माप घेतलं तेव्हा सूज पुरती उतरलेली नव्हती. पुढं खुंट बारीक झाला आणि पाय बोटभर सैल पडला. आता तो कपाटामागं उभा आहे.

‘काहून घालत नाही रे?’

‘टाइम लागते काका. घंटा होऊन जाते शाळेची.’

आला होता जुनी ट्यूब मागायला, विहिरीत पोहायला. बाप ओरडेल म्हटलं, तर म्हणे बापानंच पाठवलं. ट्रॅक्टरची एक पडून होती, चार ठिगळं लावून दिली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

पॅरिसला पॅरालिम्पिक काल रात्री सुरू झालं. आपले ८४ जण गेलेत, १२ खेळांत. पेपरात महाराष्ट्राच्या खेळाडूंची नावं आली आहेत. पंक्चरच्या पाण्यात हात असतानाच वाचत होतो, आणि एका नावाशी हात थांबला. ज्योती गडेरिया, भंडारा जिल्हा, सायकलिंग. रस्त्यावरच्या अपघातात पाय गेला, मग हैदराबादच्या आदित्य मेहता फाउंडेशनमध्ये सायकल शिकली. हे आदित्य मेहताही एका पायाचे सायकलपटू. पॅरालिम्पिकमध्ये भारताकडून सायकलवर उतरणारी पहिली दोन माणसं म्हणजे ही ज्योती आणि आंध्रचा शेख अर्शद. आपल्या विदर्भातली बाई, धंदा माझा सायकलीचा, आणि मला हे पेपरातून कळतंय.

तिच्या मागंपुढं आणखी दोन नावं होती. सुयश जाधव, सोलापूरकडच्या करमाळा तालुक्यातला. सहावीत असताना विजेचा धक्का बसला, दोन्ही हात कोपराखाली गेले. वडील स्वतः पोहणारे. रिओ, टोकियो आणि आता पॅरिस, हे तिसरं पॅरालिम्पिक. यंदा भारताचा पोहणारा हा एकटाच. २०१८ला जकार्त्याच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं सोनं आणलं. बटरफ्लाय म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचे. हात कोपराशी संपतात आणि माणूस नेमका तोच प्रकार धरून बसतो!

तिसरा दिलीप गावित, नाशिकच्या सुरगाण्याचा. लहानपणी झाडावरून पडला, हात गेला. वैजनाथ काळे या प्रशिक्षकांनी त्याला घडवलं. मागच्या ऑक्टोबरात हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यानं ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत मारले. ते सोनं म्हणजे त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक.

हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तिघांची नावं लिहून ठेवली. एक पोहणारा, एक सायकलवाली, एक पळणारा.

३१ ऑगस्ट, शनिवार

काल पुतण्या आला होता, अकोल्याला कॉलेजात आहे. वहीतली नावं बघून म्हणाला, ‘काका, हे तिघं मिळून तर ट्रायथलॉन झालं.’ मग त्यानं समजावलं. पोहायचं, बाहेर येऊन तसंच सायकलवर बसायचं, उतरून तसंच पळायचं. मध्ये थांबणं नाही. अपंगांची स्पर्धा ७५० मीटर पाणी, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं अशी असते. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ २०१६ला रिओत आला. भारताचा यंदा त्यात कुणी नाही.

मी लगेच आपली मापं लावून पाहिली. वीस किलोमीटर म्हणजे इथून साधारण खामगाव. आमची विहीर पंचवीस फुटी, म्हणजे ७५० मीटरला जवळजवळ शंभर वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाच किलोमीटर पळणं या वयात राहू द्या.

पण मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पाण्यात नकली पाय चालत नाही. म्हणजे पाय काठावर ठेवून पोहायचं, बाहेर यायचं, अंग ओलं, खुंट ओला, आणि तिथंच बसून पाय घालायचा. गुडघ्याखाली पाय नसलेल्यांतले काही सायकलसाठी वेगळा पाय घालतात, त्याला खाली पंजाच नसतो, थेट पायडलात अडकणारा तुकडा असतो. वीस किलोमीटरनंतर तो काढून पळायचं वाकडं पातं घालायचं. मांडीतून पाय गेलेले काही जण तर एकाच पायानं सायकल रेटतात.

‘आणि हे घालायला-काढायला लागलेला वेळ?’ मी विचारलं.

‘धरतात ना. घड्याळ चालूच असतं.’

रात्री झोपेपर्यंत तेच डोक्यात. सुयश पोहतो तेव्हा फक्त पोहण्याचा वेळ मोजतात. पळणारे पातं बांधून, ठाकठीक होऊन रेषेवर येतात, मग बंदूक वाजते. पाय घालायच्या वेळाला शर्यतीत जागा देणारा खेळ मी पहिल्यांदा ऐकला. पाण्यातून निघाल्यावरची ती जागासुद्धा नियमानं आखून दिलेली असते, खुर्ची ठेवलेली, शेजारी पाय ठेवलेला. मदतीला माणूस लागला तर तोही नियमात बसतो.

१ सप्टेंबर, रविवार

आज व्हायची ट्रायथलॉनची शर्यत झाली नाही. पॅरिसला पाऊस पडला, सीन नदीचं पाणी तपासलं तर पोहण्याजोगं नाही. सगळ्या शर्यती उद्यावर ढकलल्या. आपल्याकडंही आभाळ फाटलंय, मराठवाड्यातून वाईट बातम्या येताहेत.

घरोघरी खांदेमळणी झाली. बैलांच्या खांद्याला हळद-तूप लागलं, उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं. बैल गावात आता मोजके उरलेत. माझ्या दुकानासमोरून जाताना ज्या जोड्या दिसतात त्यांच्यासोबतची निम्मी माणसं ट्रॅक्टरचीच मालक आहेत, बैल हौसेपुरते.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

दुकान बंद. पुतण्यानं मोबाइल लावून दिला. बायको पुरण वाटताना म्हणाली, ‘काहो, सणाच्या दिवशी तरी ते बाजूला ठेवा.’ ठेवलं नाही.

पोरग्यालाही बोलावलं होतं. अकराच्या अकरा शर्यती आज एका दिवसात उरकल्या. पूल, नदी, मागं मोठाल्या इमारती. पोहणं आम्हाला फार काही कळलं नाही, टोप्या तेवढ्या दिसत होत्या. मग एक जण काठाशी आला. दोघांनी बगलेत हात घालून त्याला वर घेतलं. एका पायावर उड्या मारत खुर्चीशी गेला, बसला, टॉवेलनं खुंट दोनदा पुसला, रबराचा मोजा गुंडाळी सोडवत वर ओढला, पाय घातला, उठला, पळाला. मी चहाचा कप हातात घेतला होता तो तोंडाला लागला नव्हता, एवढ्यात.

पोरगा म्हणाला, ‘काका, मागं घ्या.’

मागं घेतलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं घेतलं. सायकल आणि पळणं याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं.

‘हे पाय घालून राह्यले तेबी टाइमात धरतेत?’

‘हाव.’

‘मंग आपला कोनी धरत नाही ना.’ थोडा वेळ गेला. ‘मास्तर धरते. रोज लेट मांडते.’

मला हसू आलं, मग आलं नाही. बाहेर तोरणाखाली बैल उभे राहिले होते, झडत्या सुरू झाल्या होत्या. आम्ही उशिरा गेलो.

३ सप्टेंबर, मंगळवार

पुतण्या जाताना कालच्या दोन विजेत्यांची माहिती काढून देऊन गेला. ती इथं लिहून ठेवतो.

अलेक्सी आंकँकाँ, फ्रान्सचा. आडनाव म्हणायला मला तीनदा थांबावं लागलं. बांधकामावरचा माणूस. २०१०मध्ये कामावर यंत्राखाली पाय चिरडला. डॉक्टरांनी तीन वर्षं तो वाचवायचा खटाटोप केला. २०१३मध्ये यानं स्वतःच ठरवलं की कापा. मग ट्रायथलॉन. टोकियोला सोनं, काल घरच्या लोकांसमोर पुन्हा सोनं, आणि उद्घाटनाला देशाचा झेंडा धरायचा मान. त्याच्या पदकांपेक्षा मला त्या तीन वर्षांबद्दल विचारायला आवडलं असतं. माझा पाय तर पहिल्याच रात्री गेला, मला ठरवायला काही ठेवलंच नव्हतं. तीन वर्षं न चालणारा पाय बाळगायचा आणि एक दिवस आपल्या तोंडानं कापा म्हणायचं. कोणत्या दिवशी म्हणाला असेल? कशानं?

दुसरी हेली डान्झ, अमेरिकेची. बाराव्या वर्षी हाडाचा कॅन्सर, चौदाव्या वर्षी मांडीतून पाय काढला. रिओला रौप्य. टोकियोला रौप्य. दोन्ही वेळा पुढं तिच्याच देशाची ॲलिसा सीली. दोन पॅरालिम्पिक एकाच बाईच्या पाठीकडं बघत पळायचं. काल पॅरिसला सोनं मिळालं. खेळाडूचं आयुष्य म्हणजे नेमकं काय ते मला या तीन ओळींत जास्त कळलं. दोन रौप्यांच्या मध्ये पाच वर्षं असतात. त्यातल्या प्रत्येक सकाळी उठून पाय घालावा लागतो, खुंटाला फोड आला असेल त्या सकाळीसुद्धा.

आपल्याकडं कुणी का नाही, हे अवघड कोडं नाही. शर्यतीची सायकल लाखांत, कार्बनचं पातं लाखांत. आपल्या जयपूर फूटची गोष्ट वेगळी. तो १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. सेठींनी घडवला तोच मुळी उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं, चिखलात शेती करता यावी म्हणून. मी त्याच पायानं वखर धरलाय. पण त्यावर वीस किलोमीटर सायकल मारून उतरल्यावर पळा म्हटलं तर तो बिचारा काय करणार? तो त्या कामाला जन्मलेलाच नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

सांगलीकडच्या सचिन खिलारीला गोळाफेकीत रौप्य. १६.३२ मीटर. दुकानात पेढे वाटले, पैसे कुणी दिले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी पोरगा पाय घेऊन आला. घालून नाही, काखेत मारून. ‘टाइम लावा.’

मोबाइलचं घड्याळ लावलं. चार मिनिटं चाळीस सेकंद. उभा राहिला तर सैल, आत खुंट फिरतोय. माझे तीन मोजे चढवून दिले, तेव्हा जरा धरला. हा पाय काही फार दिवसांचा नाही, माप नव्यानं घ्यावंच लागेल. बापाला निरोप दिला.

मग त्याला माझा वेळ लावायला सांगितला. पंधरा वर्षांचा अनुभव, छाती काढून बसलो. एक मिनिट पंचावन्न. तो म्हणाला, ‘काका, तो पॅरिसवाला कितीत उठला व्हता?’

उत्तर दिलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

वहीतले तिघंही आज एकाच दिवशी मैदानात. हे ठरवून होत नसतं.

दुपारी गणपती बसवला, आरती झाली न झाली, ज्योतीची रस्त्यावरची शर्यत सुरू. तासाभरात सुयश पाण्यात. ज्योती मागं राहिली. सुयशची अंतिम फेरी हुकली. त्याच्या शर्यतीत हात असलेले, नसलेले, पाय आखूड असलेले, सगळे एका रेषेत होते. कोण किती अपंग ते ठरवून गट पाडतात, आणि गटात कोण कोणाच्या शेजारी येईल ते नशीब. बघताना वाटत होतं की पाण्याला कळतं तरी का, कोणाचं काय कमी आहे.

शेजारचे एक गृहस्थ दर्शनाला आले होते. म्हणाले, ‘पदक नाही तं काय उपेग?’ मोदक दिला, पाणी दिलं. सणाच्या दिवशी भांडण नको.

हरेक पदकाची बातमी येते, भालाफेकीत नवदीपच्या रौप्याचं तर रात्री उशिरा सोनं झालं. जिथं पदक नाही त्यांची बातमी तीन ओळींची. पण भंडाऱ्याहून पॅरिसच्या रस्त्यावर एका धड पायानं सायकल नेणं, याला मी सायकल दुरुस्त करणारा म्हणून थोडंफार समजू शकतो. चढाला उभं राहून पायडल मारणं अवघड. वजन टाकायला दुसरी बाजूच नसते. सगळा जोर एका बाजूनं आणि तोल सांभाळायचा दुसऱ्या बाजूनं.

८ सप्टेंबर, रविवार

मध्यरात्र उलटून गेली तरी जागा होतो. दिलीपची अंतिम फेरी. आठवा आला, ४९.९९. मागच्या वर्षी धावला होता त्याहून अर्धा सेकंद जास्त. अर्ध्या सेकंदात माझा मोजा बोटांत सरळही होत नाही.

पॅरिस आटोपलं. आपली २९ पदकं.

१५ सप्टेंबर, रविवार

पोरग्याच्या सायकलीचं काम काढलं. त्याची अडचण माझ्या लक्षात आली होती: पाय पायडलवर वर येतो तेव्हा गुडघा जास्त वाकतो आणि सॉकेटची कड मांडीमागं घुसते. मीही सुरुवातीला यामुळंच सायकल सोडली होती. उपाय साधा. डाव्या बाजूचा क्रँक काढला, कॉटर जाम झाला होता, तो घण मारून पाडला, आणि लहान पोरांच्या वीस इंची सायकलचा आखूड क्रँक तिथं बसवला. पाय आता खालच्या खाली फिरतो. गुडघ्याला वाकावं लागत नाही तेवढं.

दुसरी अडचण रबरी पंजा ओला झाला की पायडलवरून घसरतो. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापली, पायडलला दोन भोकं पाडून आरपार ओवली. पट्टी सैलच ठेवली. पडायची वेळ आली तर पाय सुटला पाहिजे, नाहीतर सायकलबरोबर पाय जाईल आणि पोरगा इकडं. तसं माझं एकदा झालंय, खामगाव रस्त्यावर, आणि मागून येणारी बाई किंचाळली होती. ती पळाली पाय बघून, मी हसत बसलो गटारीत.

बापानं पोरग्याला नव्या मापासाठी घेऊन जायचं ठरलं. दुसरीकडं. आधी खुंटावर हात फिरवून बघतात, मग प्लास्टर लावतात, अशा ठिकाणी.

२९ सप्टेंबर, रविवार

नवा पाय मंगळवारी आला. घट्ट आहे, पहिले काही दिवस असायचाच. लाल झालं की काढायचं, एवढं बजावलंय.

आज विहिरीवर गेलो. मी, तो, त्याचा बाप. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, पुढच्या आठवड्यात सोंगणी. पायऱ्या ओल्या. मुटका मारू नको म्हटलं तर मुटकाच मारला. एका पायानं पाणी मारलं की अंग एका बाजूला वळतं, म्हणून तो सुरुवातीला गोल गोल फिरायचा. आता एक हात जरा लांब टाकतो आणि सरळ जातो, हे त्याचं त्यानं शोधलं. वीस फेऱ्या ठरल्या होत्या, अठरा मारल्या. दोन चोरल्या ते मी मोजलं होतं, बोललो नाही.

वर बाभळीखाली पालथ्या घमेल्यावर बसायची जागा केली होती. शेजारी पाय, मोजा, पावडरचा डबा. सायकल झाडाला टेकवलेली, आखूड क्रँक वर करून. पायऱ्या चढून तो उड्या मारत आला, थंडीनं दात वाजत होते. मी घड्याळ पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हाच लावलं होतं.

टॉवेल मात्र कुणी आणलाच नव्हता. बापानं डोक्याचा दुपट्टा सोडला आणि खाली बसून त्याचा खुंट पुसायला लागला. पोरगा म्हणाला, ‘बाबा, असं नाही, खालून वर.’ बापानं खालून वर पुसला. मोजा ओढला, पाय घातला, दोनदा दाबला. मग उभा राहता राहता थांबला, खाली बसला, पाय काढला. मोजा उलटा गेला होता, शिवण आत. सरळ केला, पुन्हा घातला, पट्टीत पंजा सरकवला आणि बांधावरून निघाला.

तीन मिनिटं बावन्न सेकंद. बाप म्हणाला, ‘मोजा उलटा झाला त्याचा वेळ काढून टाका ना.’

काढला नाही. वहीत तीन बावन्न लिहिले.